आधी घर, मग संग्रहालय: मणिभवन आणि राजगृह पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

मुंबईत नव्याने आलेल्या पाहुण्याला ‘चल, म्युझियम दाखवतो’ म्हणून कोणी बाहेर काढलं, तर ती वरात बहुतेक वेळा काळ्या घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाते. कुर्ल्याचा काळा बेसॉल्ट, मालाडचा पिवळसर दगड आणि वर तो घुमट. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही दगडी इमारत १९१४ साली बांधून झाली, पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि १० जानेवारी १९२२ ला संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली. ती जरूर पाहा, अख्खा दिवस काढून पाहा. पण ती संग्रहालय म्हणूनच बांधली गेली. तिथल्या मूर्ती, चित्रं आणि नाणी जगभरातून आणून मांडलेली आहेत.

माणसं ज्यात राहिली, जेवली, आजारी पडली, भांडली आणि नंतर जी लोकांसाठी खुली झाली, अशी संग्रहालयं वेगळी. तिथे मांडलेल्या वस्तू थोड्याच असतात, खरी बघायची गोष्ट म्हणजे ती वास्तूच. इथे पहिल्यांदा जाणारे बरेच जण वीस मिनिटांत खाली उतरतात आणि ‘एक खोली आणि चार चरखे, बाकी काही नाही’ असं म्हणत निघून जातात. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून गावदेवीचं मणिभवन आणि दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह ही दोन घरं एका दिवसात कशी पाहावीत, ते इथे क्रमाने सांगतो. दोन्ही घरं एकाच दिवशी का, त्याचं कारण पुढे येईल.

आदल्या दिवशी

वेळ तपासा. मणिभवन साधारण सकाळी साडेनऊला उघडतं आणि संध्याकाळी सहाच्या आत बंद होतं. वरचं प्रदर्शन आणि खालचं वाचनालय यांच्या वेळा आणि सुट्ट्या मात्र एकच असतील असं धरू नका. वाचनालयात बसायचं असेल तर आधी फोन करा, आणि रविवारी तर विचारल्याशिवाय निघूच नका. राजगृहाच्या बाबतीतही चौकशी करूनच निघावं. २ ऑक्टोबर, ३० जानेवारी, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या तारखांना गर्दी असते. त्या दिवशी जाण्यात वेगळं मोल आहे, पण पहिल्या भेटीसाठी कुठलाही साधा वार निवडा.

बरोबर एक वही, पेन, पाण्याची बाटली आणि थोडे सुटे पैसे ठेवा. मोठी सॅक घेऊन जाऊ नका, कारण जिना अरुंद आहे आणि वळताना मागच्या माणसाला धक्का लागतो. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास असेल, तर वरच्या मजल्यांपर्यंत जाण्याची काय सोय आहे ते त्याच फोनवर विचारून घ्या. महत्त्वाची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

आणखी एक तयारी आहे, तिला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. चार तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून न्या: ६ एप्रिल १९१९, १९ नोव्हेंबर १९२१, १४ ऑगस्ट १९३१, ४ जानेवारी १९३२. या तारखा हाताशी असल्या की कुठे किती वेळ थांबायचं, ते कोणी सांगावं लागत नाही.

मणिभवनापर्यंत

पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं. इथे फक्त स्लो गाड्या थांबतात. विरारहून फास्टने येत असाल तर दादरला किंवा मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडा. मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलावी. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक आहे का तेवढं बघा. भुयारी मेट्रो ३ चं ग्रँट रोड स्थानकही आता जवळ आहे.

गावाकडून किंवा उपनगरातून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा चालत नाहीत. स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघत उभं राहू नका. काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा सरळ पायी, एवढेच पर्याय आहेत. मी पायी जाण्याच्या बाजूचा आहे. पश्चिमेला उतरून नाना चौक गाठायचा. नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, ज्यांच्यावाचून या शहरातली रेल्वे, शिक्षण आणि नगरपालिका यांची गोष्ट सांगताच येत नाही. तिथून गावदेवीकडे वळून ‘लॅबर्नम रोड’ किंवा नुसतं ‘मणिभवन कुठे?’ असं विचारलंत तरी पुरे, फळवालासुद्धा हात करून दाखवेल. रमतगमत पंधरा-वीस मिनिटं लागतात.

आत शिरण्याआधी समोरच्या फुटपाथवर

घाई करू नका. रस्ता ओलांडून समोर जा आणि आधी घर बाहेरून बघा. झाडांच्या सावलीतला शांत रस्ता, तळमजला आणि त्यावर दोन मजले, कोरीव लाकडी सज्जे. जुन्या गुजराती व्यापारी कुटुंबाचं घर जसं असावं तसंच हे आहे. ते होतं रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. गांधीजींचे लंडनपासूनचे मित्र डॉ. प्राणजीवन मेहता यांचे हे भाऊ. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की मुक्काम इथेच असायचा. म्हणजे हे घर ना आश्रम होतं ना कार्यालय. मित्राचं राहतं घर होतं, आणि यजमानाने ते सतरा वर्षं एका माणसासाठी आणि त्याच्यामागे येणाऱ्या गर्दीसाठी उघडं ठेवलं. कार्यकर्ते, पत्रकार, पोलीस, दर्शनाला आलेले लोक, सगळे याच दारातून आत यायचे. रेवाशंकरभाईंचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येतं. घर बघताना त्यांची आठवण जरा जास्त ठेवावी असं मला वाटतं.

१९५५ साली हे घर गांधी स्मारक निधीकडे आलं आणि संग्रहालय झालं.

तळमजला

आत शिरताच पुतळा आहे, बाजूला वाचनालय. चाळीस हजारांहून जास्त पुस्तकांचा हा संग्रह आहे आणि गांधीजींवर काम करणारे अभ्यासक इथे बसतात. पहिल्या फेरीत इथे रेंगाळू नका, नोंद करून वर चला. उतरताना परत या. विद्यार्थी असाल तर सदस्य होण्याची किंवा बसून वाचण्याची काय पद्धत आहे ते तेव्हा विचारा. बोलायचं ते हळू आवाजात. मोबाइल सायलेंटवर टाका.

जिना आणि छायाचित्रं

जिन्यालगत आणि पहिल्या मजल्यावर छायाचित्रं आणि पत्रं आहेत. सगळ्या फ्रेमसमोर सारखा वेळ देत बसलात तर वर पोहोचेपर्यंत थकाल. लहानपणापासूनचे फोटो बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असतात, ते नजरेखालून घाला. थांबायचं ते पत्रांशी. २३ जुलै १९३९ ला हिटलरला लिहिलेलं पत्र शोधा. महायुद्ध पेटायला दीड महिनाही उरला नव्हता, आणि ‘युद्ध टाळू शकेल असा जगात आज तुम्हीच एक माणूस आहात’ अशा आशयाचं हे छोटंसं पत्र गांधीजींनी वर्ध्याहून लिहिलं. ब्रिटिश सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. शेवटच्या ओळीत, मी आपल्याला लिहून चूक केली असेल तर क्षमा करावी, असंही आहे. दोन-दोनदा वाचावं असं ते पत्र आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना १ जुलै १९४२ ला लिहिलेलं पत्रही बघा. तोवर गांधीजींचा इथला मुक्काम संपून बरीच वर्षं झाली होती. यावरून एक नेहमीचा गोंधळ सांगून टाकतो. ‘छोडो भारत’च्या वेळी, ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना अटक झाली ती मणिभवनातून नव्हे, मलबार हिलच्या बिर्ला हाउसमधून. मणिभवनातली अटक दहा वर्षं आधीची. तिथे आपण गच्चीवर पोहोचू.

दुसऱ्या मजल्यावरची खोली

हीच ती खोली. काचेपलीकडून बघायची आहे. खाली पांढरी गादी, लोड, बुटकं लिहायचं मेज, काही पुस्तकं आणि चरखे. बस. माणसं इथे येतात, काचेला मोबाइल लावून फोटो काढतात आणि वळतात. तुम्ही तसं करू नका. फोटो काढायचा तर फ्लॅशशिवाय एक काढा, मोबाइल खिशात ठेवा आणि वही उघडा.

आधी चरख्याबद्दल. गांधीजी सूतकताई शिकले ती या घरात, असं म्हणायला हरकत नाही. आजारातून उठत असताना ते इथे राहायला होते. चरखा गुजरातेत सापडला होता, पण पेळू कुठून आणायचे? कापूस पिंजून त्याचे पेळू केल्याशिवाय सूत निघत नाही. तेव्हा या रस्त्याने रोज एक पिंजारी जायचा, गाद्यांचा कापूस पिंजून देणारा, पिंजणीच्या तातीचा टणत्कार करत. त्याला वर बोलावलं. गादीत भरायचा कापूस पिंजणं वेगळं आणि सुतासाठी पिंजणं वेगळं. तो तयार झाला, पण मजुरी भरपूर मागितली, आणि ती दिली गेली. मग खोलीत चरखा फिरू लागला. आपण बरे झालो त्यात त्या गुणगुणीचा वाटा मोठा होता, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. पुढे सगळ्या देशाच्या झेंड्यावर गेलेल्या गोष्टीची सुरुवात ही अशी, रस्त्यावरून जाणाऱ्या कारागिराला हाक मारून झाली. खोलीतले चरखे बघताना मला तो पिंजारीच आठवतो. त्याचं नाव कुठे नाही.

आता वहीतली पहिली तारीख. ६ एप्रिल १९१९. रौलेट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ. सकाळी चौपाटीवर हजारो माणसं समुद्रात स्नानाला आली आणि संध्याकाळी बंदी असलेली पुस्तकं रस्त्यावर उघड विकली गेली, त्यात ‘हिंद स्वराज’ होतं. दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, सरकारकडे नोंदणी न करता ‘सत्याग्रही’ नावाचं पत्रक निघालं. कायदा मोडायचा तर उजेडात, नाव घालून मोडायचा, ही पद्धत मुंबईने इथून पाहिली.

दुसरी तारीख १९ नोव्हेंबर १९२१. त्याच्या दोन दिवस आधी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. बहिष्काराचा दिवस होता, पण शहरात दंगल पेटली. स्वागताला गेलेल्या लोकांवर, त्यातही पारशी आणि ख्रिस्ती लोकांवर, हल्ले झाले, माणसं मेली. गांधीजींनी दंगा आपल्याच लोकांनी सुरू केला हे मान्य केलं आणि शहर शांत होईपर्यंत अन्न न घेण्याचं ठरवलं. चार दिवसांचा तो उपवास या घरात झाला. निरनिराळ्या समाजांचे पुढारी इथे येऊन बसले, दंगल निवळली, तेव्हा उपवास सुटला. मुंबईच्या दंगलींचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला या खोलीपुढून लगेच हलता येत नाही. जाता जाता हेही सांगतो: वर उल्लेख केलेल्या दगडी संग्रहालयाचं जुनं नाव ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’. ते नाव या पाहुण्याच्या वडिलांवरून पडलं होतं, १९०५ साली राजपुत्र म्हणून येऊन ज्यांनी त्याची पायाभरणी केली त्यांच्यावरून.

तिसरी तारीख थोडी थांबवून ठेवू.

बाहुल्यांची दालनं

खोलीला लागूनच छोट्या बाहुल्यांनी उभे केलेले देखावे आहेत, काचेच्या पेट्यांमध्ये. सुशीला गोखले-पटेल यांनी घडवलेले. राजकोटपासून दिल्लीच्या बिर्ला भवनापर्यंतचं आयुष्य त्यात प्रसंगाप्रसंगाने येतं. पोरं बरोबर असतील तर त्यांना आधी इथे आणा आणि मग खोलीकडे न्या. वाचायचा कंटाळा असलेली मुलंसुद्धा या पेट्यांसमोर नाक टेकवून उभी राहतात. त्यांना ‘बघा, किती छान’ म्हणून पुढे ढकलू नका, एक प्रश्न द्या: या देखाव्यात गांधीजी सोडून आणखी कोण कोण आहे? दांडीच्या देखाव्यात मागे चालणारे कोण? खटल्याच्या देखाव्यात न्यायाधीशासमोर उभं राहण्याची ढब कशी आहे? मोठ्यांनीही हे करून बघावं. बाहुलीच्या धोतराची चुणी आणि टेबलावरचे कागद इतक्या निगुतीने केलेले आहेत की दोन पेट्या नीट पाहिल्या की उरलेल्या तशाच पाहिल्या जातात.

गच्ची

गच्चीवर जायला मिळत असेल तर नक्की जा. बंद असेल तर जिन्याच्या वरच्या टोकाशी थोडं थांबा.

२८ डिसेंबर १९३१ ला गांधीजी लंडनच्या गोलमेज परिषदेहून मुंबईत परतले. ते बोटीतून उतरायच्या आधीच जवाहरलाल नेहरू आणि खान अब्दुल गफार खान यांना अटक झालेली होती. आठवडाभर वाटाघाटीचे प्रयत्न झाले. गांधीजी या गच्चीवर तंबूत झोपत. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे, तीनच्या सुमारास, पोलीस वर आले. सोमवार होता, म्हणजे मौनाचा वार. त्यामुळे जे बोलायचं ते गांधीजींनी कागदावर लिहून दिलं. तयारीला अर्धा तास मिळाला, आणि तेवढ्यात सगळं आटोपलं. कारवाई झाली ती १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, ज्यात खटला न भरता माणसाला डांबून ठेवता येत होतं. तिथून येरवडा.

गच्चीवर बघण्यासारखं काही मांडलेलं नाही. आजूबाजूला उंच इमारती आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, कावळे आहेत. तरी या घरातली माझी सगळ्यात आवडती जागा हीच. ज्याला अटक करायला पोलीस मध्यरात्र उलटल्यावर येतात, तो माणूस मित्राच्या गच्चीवर कापडाच्या तंबूत झोपलेला असतो, हे इथे उभं राहिल्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही.

उतरताना अभिप्रायाची वही दिसली तर लिहा, आपल्या भाषेत लिहा. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे आले होते, ६ नोव्हेंबर २०१० ला बराक ओबामा आले. तुमच्या चार ओळींनाही त्या वहीत जागा आहे.

सगळं मिळून दोन तास धरा. नंतर पाय चालत असतील तर ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे जुना गवालिया टँक, जवळच आहे. ८ ऑगस्ट १९४२ ची सभा तिथली. दुसऱ्या बाजूला गिरगाव चौपाटी, जिथे १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्यांचं दहन झालं आणि आता त्यांचा पुतळा आहे. जेवण गिरगावात उरकावं. मिसळ, थालीपीठ, पीयूष, जे आवडेल ते. ठाकूरद्वारच्या बाजूला गेलात की चुकत नाही.

तिसरी तारीख, आणि दादरची गाडी

१४ ऑगस्ट १९३१. दुपारी दोनच्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मणिभवनात आले. गांधीजींची आणि त्यांची ही पहिली भेट. गांधीजी लोकांशी बोलत होते, त्यांचं लक्ष जायला थोडा वेळ लागला. मग बोलणं सुरू झालं आणि ते गोड झालं नाही. काँग्रेसने अस्पृश्यांसाठी पैसे खर्च केले, असं गांधीजी म्हणाले, तेव्हा तो पैसा वाया गेला, असं बाबासाहेबांनी तोंडावर सांगितलं. ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरासारखं वागवलं जातं, पाणीही मिळत नाही, त्याला मी मातृभूमी कसा म्हणू, असा त्यांचा सवाल होता. आंबेडकर स्वतः अस्पृश्य समाजातले आहेत हे गांधीजींना तेव्हा ठाऊकच नव्हतं. अस्पृश्यांबद्दल कळवळा असलेला कोणी ब्राह्मण असावा, असा त्यांचा समज होता. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्टला, बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले, आणि गांधीजी महिनाअखेरीला.

याच कारणासाठी मी दोन घरं एका दिवसात पाहा म्हणतो. मणिभवन एकटं पाहून आलेला माणूस गोष्टीची एकच बाजू घेऊन घरी जातो. भेटीनंतर बाबासाहेब ज्या मुंबईत परतले ती लॅबर्नम रोडची नव्हती. ते तेव्हा परळला बी.आय.टी. चाळीत राहत होते, १९१२ पासून. दोन खोल्यांत संसार, आणि अभ्यासाला जागा नाही. स्वतःचं घर त्यांनी त्यानंतर बांधलं, दादरला. ते राजगृह.

ग्रँट रोडहून स्लो गाडीने दादर, आणि पूर्वेला बाहेर पडायचं. मध्य रेल्वेच्या बाजूने उतरून खोदादाद सर्कलकडे, म्हणजे दादर टीटीकडे चाला. हिंदू कॉलनी कोणीही सांगेल, आणि आत शिरल्यावर ‘राजगृह’ म्हणालात की गल्लीसुद्धा सांगतील. पाचवी गल्ली. स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं. दारात पोलीस दिसले तर बिचकू नका. ७ जुलै २०२० ला इथे तोडफोड झाली होती, त्यानंतर बंदोबस्त देण्यात आला. काय काम म्हणून विचारलं तर ‘बघायला आलोय’ म्हणून सांगा.

राजगृहात

इथे वागण्याची रीत थोडी वेगळी. पाहण्यासाठी खुला आहे तो तळमजल्याचा भाग. वर आंबेडकर कुटुंबाचं घर आहे. म्हणजे तुम्ही आजही कोणाच्या तरी घरी आलेले आहात. जिन्याकडे वळू नका, खिडक्यांचे फोटो काढू नका, आतले फोटो विचारूनच काढा. चपला बाहेर काढा. येणाऱ्यांपैकी बरेच जण अस्थिकलशाला आणि तसबिरीला नमस्कार करायला आलेले असतात, लांबून, कोणी पोराबाळांना घेऊन, तेव्हा त्यांच्या आणि तसबिरीच्या मध्ये उभं राहून माहिती वाचत बसू नका. बाजूला व्हा, त्यांचं होऊ द्या, मग वाचा.

हे घर १९३३ च्या सुमारास बांधून झालं. नाव मगधाच्या जुन्या राजधानीवरून घेतलं, बुद्धाच्या काळातल्या. पण घर बांधण्यामागचं कारण पुस्तकं. परळच्या खोल्यांत ती मावत नव्हती. आराखड्यातच ग्रंथालयाला जागा ठेवली गेली, आणि बाबासाहेबांचा संग्रह शेवटी पन्नास हजारांच्या घरात गेला असं सांगतात. याच कॉलनीत त्यांनी ‘चार मिनार’ नावाची दुसरी इमारतही बांधली होती, भाड्याचं उत्पन्न यावं म्हणून. ती १९४१ मध्ये विकली, कर्ज फेडायला आणि पुस्तकं घ्यायला. राजगृह मात्र ठेवलं.

त्यामुळे आत गेल्यावर पुस्तकांनी खच्चून भरलेल्या भिंती दिसतील अशी अपेक्षा धरू नका. बरीचशी पुस्तकं फोर्टातल्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत, जे बाबासाहेबांनीच १९४६ मध्ये सुरू केलं. इथे दिसतील त्या वापरातल्या वस्तू आणि छायाचित्रं. छायाचित्रांत रमाबाई शोधा. २७ मे १९३५ ला त्या याच घरात गेल्या. सगळं आयुष्य चाळीत काढून स्वतःच्या घरात त्यांना दोनेक वर्षंच मिळाली. घरातल्या माणसांचा एक फोटो आहे, त्यात बाबासाहेब, रमाबाई, यशवंत आणि पाळलेला कुत्रा आहे. तो इथे पाहिला की आपण कुठे उभे आहोत ते उमगतं. पुतळ्यात आणि निळ्या कोटात न दिसणारा माणूस त्यात आहे.

इथे अर्धा-पाऊण तास पुरतो. दिवसभराच्या वहीतली मणिभवनाची पानं आता पुन्हा चाळा. १४ ऑगस्टच्या भेटीपासून पुणे करारापर्यंत, म्हणजे २४ सप्टेंबर १९३२ पर्यंत, काय काय झालं ते घरी जाऊन वाचायची यादी बनवा. दोन्ही बाजूंचं लिखाण मराठीत भरपूर आहे. दादरच्याच पुस्तकाच्या दुकानांत मिळेल.

अजून जायचं असेल तर

७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहातून निघाली आणि दादर चौपाटीला पोहोचली. तिथे आता चैत्यभूमी आहे. स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला जा आणि तिथून शिवाजी पार्कच्या दिशेने चाला किंवा टॅक्सी करा. संध्याकाळी जाणं बरं, ऊन उतरलेलं असतं.

६ डिसेंबरलाच जायचं ठरवलंत तर सकाळी फार लवकर निघा आणि दादर स्टेशनवर गर्दीच्या दिशेने चालत राहा, उलट दिशेने घुसण्याचा प्रयत्न करू नका. लहान मुलांच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चैत्यभूमीच्या रांगेत काही तास जातात, पाणी आणि खाणं स्वयंसेवक देतात. शिवाजी पार्कवर त्या दिवशी पुस्तकांचे स्टॉल लागतात, मराठीतली एवढी स्वस्त आणि एवढी विचारांची पुस्तकं एका जागी दुसरीकडे मला कुठे दिसलेली नाहीत. घरून निघताना एक रिकामी कापडी पिशवी घ्या.